सदाशिव पेठेतली मेस, उन्हाळा धरून रिव्ह्यू

मेसचे रिव्ह्यू सगळे जुलैमध्ये लिहितात. नवीन मेंबर झालेलं असतं, पोळ्या गरम येतात, काका हसून बोलतात, रविवारच्या फीस्टला दोन गुलाबजाम मिळतात आणि माणूस पाच स्टार देऊन मोकळा होतो. मेस खरी कशी आहे ते कळतं एप्रिल-मेमध्ये, जेव्हा परीक्षा चालू असते, निम्मे मेंबर गावाला पळालेले असतात, गुरुवारी पाणी नसतं, पोळीवाल्या मावशी लग्नाच्या ऑर्डरवर गेलेल्या असतात आणि तुमचे पंधरा दिवसांचे पैसे मेसवाल्याकडे अडकलेले असतात. म्हणून मुद्दाम एक अख्खा उन्हाळा काढून मग लिहितीये.

मी मंगळवेढ्याची, पुण्यात बीएस्सी करते, दुसरं वर्ष आत्ता संपलं. राहते पेठेतच कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक कॉट भाड्याने, किचन वापरायची परवानगी नाही, केटलसुद्धा घरमालकीण आल्या की कपाटात जाते, त्यामुळे मेस हा काही शौक नाहीये, दुसरा इलाजच नाही. मेसचं नाव टाकत नाहीये कारण एकतर तिला नाव नाहीच, बोर्ड नाही, जुन्या बिल्डिंगचा पहिला मजला आणि जिन्यात चपलांचा ढीग हाच बोर्ड, आणि दुसरं म्हणजे काकांनी स्पष्ट सांगितलंय की इंटरनेटवर टाकू नका, आहे त्या लोकांनाच बसायला जागा नाही. पेरूगेटच्या आसपास राहणाऱ्यांना कळेल मी कुठल्या जिन्याबद्दल बोलतीये.

आधी हिशोब, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. दोन वेळचे ३,२०० रुपये महिना, एक वेळचे १,८००, गेस्ट थाळी ९०, डिपॉझिट ५००. ताटात तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक पातळ म्हणजे आमटी किंवा उसळ, भात, आणि कोशिंबीर किंवा चटणी यातलं काहीतरी एक. भात आणि आमटी पाहिजे तेवढी, पोळी चौथी लागली तर मागून मिळते, सुकी भाजी दुसऱ्यांदा मागितली की काकू डोळे वर न करता अर्धा डाव टाकतात. आता ३,२०० ला ६० ने भागून ५३ रुपये ताट असा हिशोब करू नका, कारण रविवारी फक्त दुपारची फीस्ट असते, संध्याकाळी बंद. म्हणजे महिन्याला ५६ ताटं, ५७ रुपये. त्यात आठच्या लेक्चरनंतर कँटीनला वडापाव हाणला की दुपारचं ताट गेलं, कोणाचा वाढदिवस असला की रात्रीचं गेलं, प्रॅक्टिकल लांबलं की अडीच वाजून गेले आणि तेही गेलं. अशी डझनभर ताटं तरी कोणाचीही जातातच, आणि मग तेच ताट ७२-७३ ला पडतं. तरी बाहेर या पैशात थाळी मिळत नाही, हे खरंच आहे.

पण मेस निवडताना रेटपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे खाडा. हे पहिल्या वर्षाला कोणी सांगत नाही. तुम्ही गावाला गेलात तर त्या दिवसांचं काय होतं, एवढाच प्रश्न आहे, पण प्रत्येक मेसचं उत्तर वेगळं. काही ठिकाणी कूपन असतात, जेवढी खाल्ली तेवढी फाडली, ते सगळ्यात सरळ, पण तिथे रेट जास्त असतो आणि कूपनची मुदत छोट्या अक्षरात मागच्या बाजूला छापलेली असते. काही ठिकाणी तारीख ते तारीख महिना, मग तुम्ही या नाहीतर मरा. पहिल्या वर्षी मी होते ती मेस तसली होती, दिवाळीच्या सुट्टीत महिना संपून गेला आणि आल्यावर उत्तर काय तर "आम्ही चालूच होतो की, तुम्हीच आला नाहीत." आता यावर काय बोलणार.

इथे नियम असा आहे की सलग तीन दिवसांच्या वर गेलात तर खाडा धरतात, आदल्या रात्री सांगायचं, काका वहीत लिहितात आणि तेवढे दिवस पुढे वाढवून देतात. रोख परत मिळत नाही, दिवसच मिळतात. वही म्हणजे खरोखरची वही, लाल पुठ्ठ्याची लांब, किराणा दुकानात असते ना तसली, प्रत्येक मेंबरला एक पान आणि खाड्याच्या तारखेला गोल. माझ्या पानावर इतरांपेक्षा जरा जास्तच गोल आहेत कारण १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि तेव्हापासून आमच्याकडच्या सगळ्या मुलींचं घरी जाणं वाढलंय, शुक्रवारी प्रॅक्टिकल संपलं की थेट स्वारगेट, इंदापूर, पंढरपूर, रात्री घरी. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ मात्र खाड्यात बसत नाही, तीन दिवसांच्या "वर" पाहिजे. यावर मी काकांशी वाद घातलाय, ते म्हणतात मग सगळेच वीकेंडला खाडा टाकतील आणि शनिवारी आम्ही जेवण कोणासाठी करायचं. मुद्दा पटतो, पण खिशाला पटत नाही.

आता मुलींसाठी स्पेशल. पुण्यात बऱ्याच मेसमध्ये एक अलिखित समज आहे की मुली कमी खातात. दोन पोळ्या वाढतात आणि वाढणारा मुलगा पुढे निघून जातो, तिसरी मागायला हाक मारावी लागते, आणि भरल्या हॉलमध्ये "दादा, पोळी" अशी हाक मारायला पहिल्या वर्षाच्या मुलीला जीव मुठीत धरावा लागतो. पैसे मात्र मुलांएवढेच. काही ठिकाणी मुलींचा रेट शे-दोनशेने कमी असतो, तिथे निदान मान्य तरी करतात. म्हणून अर्ध्याहून जास्त मुली डबा लावतात, आणि डब्यात तर तीन पोळ्या म्हणजे तीनच, वरून बारा वाजता भरलेला डबा दीडला उघडला की पोळीची खालची बाजू घामट झालेली असते. या मेसमध्ये पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं, "किती खातेस? खरं सांग." मी चार म्हटलं. त्या दिवसापासून माझ्या ताटात चार येतात, हाक मारावी लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या मेसला बाकीच्या चार गोष्टी माफ करते.

चवीबद्दल मी न्याय देऊ शकेन का माहीत नाही कारण आम्ही सोलापूरकडची माणसं, आमटीत गूळ दिसला की आम्हाला ती आमटी आजारी माणसासाठी केलीये असं वाटतं. इथली आमटी टिपिकल पुणेरी, गोडा मसाला, आमसूल, गूळ. पहिले काही दिवस मला जाम जड गेले, आता चालतंय, आईला मात्र सांगितलेलं नाही की आवडायला लागलीये. पोळ्या चांगल्या आहेत, घडीच्या, पदर सुटतात, तव्यावरून थेट. उसळी उत्तम, विशेषतः मटकी आणि मसूर. सुक्या भाज्यांमध्ये बटाटा फार, बटाटा-वांगं, बटाटा-फ्लॉवर, बटाटा-सिमला, आणि सिमला कुठंय विचारलं तर आहे की म्हणून डावाने शोधून दाखवतात. भाकरी आठवड्यातून एकदा, बुधवारी रात्री, पिठलं-भाकरी किंवा भरीत-भाकरी. आमच्या मालदांडी ज्वारीला जीआय टॅग मिळालेला आहे हो, ज्वारीचं कोठार म्हणतात आमच्या गावाला, त्यामुळे भाकरीवर मी मत द्यायला बसले तर काकूंना वाईट वाटेल. कडा जाड असतात एवढंच म्हणते.

चवीचा प्रश्न इथल्या लोकांनी आपापला सोडवलाय आणि ती या मेसमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. बेसिनच्या शेजारी भिंतीत एक फडताळ आहे, त्यात मेंबर लोकांच्या घरून आणलेल्या बरण्या ठेवलेल्या असतात, झाकणावर मार्करने नाव. हॉर्लिक्सची जुनी बरणी, श्रीखंडाचा डबा, प्रोटीन पावडरचा भलामोठा काळा डबा ज्यात आता लिंबाचं लोणचं आहे. लातूरच्या पोराची जवसाची चटणी, जळगावच्या मुलीचा ठेचा, कोल्हापूरवाल्याची कांदा-लसूण चटणी, माझी शेंगाचटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. दुसऱ्याची बरणी विचारल्याशिवाय उघडायची नाही हा नियम भिंतीवर कुठेही लिहिलेला नाही तरी सगळे पाळतात, अपवाद एमपीएससीवाले दोन दादा, ते सगळ्यांच्या बरण्यांमधून "टेस्ट" करतात आणि मग कोणत्या जिल्ह्याची चटणी भारी यावर वाद घालत बसतात, भूगोलाचा अभ्यास चालू असल्यासारखा. मार्च संपेपर्यंत फडताळ निम्मं रिकामं होतं आणि एप्रिलमध्ये तळाला चमचा खरवडल्याचे आवाज येतात.

टर्ममधला दिवस थोडक्यात सांगते म्हणजे वेळा जुळतात का ते बघता येईल. सकाळी ८ ला लेक्चर, कॉलेज डेक्कनच्या बाजूला, चालत जाते. नाश्ता मेसमध्ये नाही, तो बाहेर, पोहे नाहीतर अमृततुल्यला चहा-क्रीमरोल. दुपारची वेळ ११ ते अडीच. ११ ला येणारे सगळे एमपीएससीवाले, त्यांना अभ्यासिकेत परत जाऊन जागा धरायची असते. १२ ते १ ऑफिसवाले आणि काही रिटायर्ड काका लोक. आम्ही कॉलेजची गर्दी १ ते २, तेव्हा जिन्यात उभं राहावं लागतं, ताट मिळायला पंधरा-वीस मिनिटं, आणि उभ्यानेच जर्नल पूर्ण करणारी माणसं मी इथे पाहिली आहेत, एका पायरीवर रीडिंग्ज, वरच्या पायरीवर ग्राफ. सव्वादोनला पोचलात तर भाजी संपलेली असते आणि तिच्या बदल्यात बेसन किंवा टोमॅटोची झटपट चटणी येते, जी बरेचदा भाजीपेक्षा बरी लागते. रात्री साडेसात ते दहा. दुपारचा भात उरला की रात्री फोडणीचा होतो, ते लपवत नाहीत, कांदा भरपूर घालतात.

परीक्षेच्या काळात मेस सुधारते, हे मी ऐकून होते, पाहिल्यावर पटलं. काकांनी सगळ्यांना टाइमटेबल विचारून वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं, ११ चा पेपर असेल तर १० वाजता वरण-भात आणि गरम पोळी मिळते. भाजी तोपर्यंत शिजलेली नसते त्यामुळे पोळीबरोबर साखरआंबा किंवा तुमची स्वतःची चटणी. वरण-भातावर तूप मात्र काकू स्वतः वाढतात, एरवी तूप फक्त फीस्टला. दुपारी पेपरचं काय झालं असं कोणीही विचारत नाही. बाहेरच्यांना ही छोटी गोष्ट वाटेल, पण पेपर अवघड गेल्यावर गप्प जेवता येणं फार महत्त्वाचं आहे.

मग मे. यंदा मी सुट्टीत पूर्ण वेळ घरी गेले नाही, अप्पा बळवंत चौकात एका पुस्तकाच्या दुकानात काम धरलं. ज्यांनी एबीसी फक्त टर्ममध्ये पाहिलाय त्यांना कल्पना येणार नाही, मे अखेर ते जून मध्य हा तिथला सीझन, जूनच्या मध्यात शाळा उघडायच्या, त्यामुळे बालभारतीचे गठ्ठे, वह्यांचे डझन, ब्राऊन कव्हरचे रोल, आणि हातात शाळेची यादी घेतलेले आई-बाबा ज्यांना यादीतलं एक पुस्तक कमी पडलं तरी सगळंच पॅक करून परत नेऊ का असं वाटत असतं. दिवसभर उभं राहून आणि शिडीवर चढ-उतर करून दुपारी जी भूक लागते ती लेक्चर ऐकून कधीच लागली नव्हती. जेवायची सुट्टी दीडला, अर्धा-पाऊण तास, बाजीराव रोडने मेसपर्यंत भर उन्हात चालत यायचं, जेवायचं, परत. तेव्हा मला या मेसची किंमत खऱ्या अर्थाने कळली, कारण मे महिन्यात रांग नसते. बसल्याबरोबर ताट. पाच मिनिटांत पहिला घास. काका पंख्याखालची जागा दाखवतात, टर्ममध्ये ती जागा जुन्या मेंबरांच्या बापजाद्यांची असते.

गर्दी कमी म्हणून जेवण बरं असेल असं वाटलं होतं, तसं पूर्णपणे नाही. लोक कमी झाले की काकू भाज्या कमी आणतात, आठवडा गवार, दोडका, दुधी, मटकी यांच्यातच फिरतो. मे महिन्यात पालेभाजी महाग आणि मरगळलेली, ते समजू शकते. पण मेच्या तिसऱ्या आठवड्यात सलग दुधी आला तेव्हा एमपीएससीवाल्या दादांनी काकांना लेखी निवेदन दिलं, विषय, संदर्भ, "महोदय" सगळं फॉर्मॅटमध्ये, आणि काकांनी खाली "पाहिले" लिहून सही करून भिंतीला लावलं. दुसऱ्या दिवशी परत दुधी. त्याचे कोफ्ते केले होते एवढाच फरक.

गुरुवार हा उन्हाळ्यातला अवघड दिवस. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं म्हटलं की बहुतेक वेळा गुरुवारच निघतो, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा कमी दाबाने येतं. बाकीच्या मेस त्या दिवशी कागदी प्लेटा काढतात किंवा सरळ बंद. इथे गुरुवारी मुगाची खिचडी, कढी, पापड, एका पातेल्यात काम, आणि ताटाऐवजी खोलगट थाळी, म्हणजे धुवायला पाणी कमी. बुधवारी रात्री दोन मोठे निळे पिंप भरून ठेवलेले असतात, एक स्वयंपाकाचं, एक भांड्यांचं, आणि हात धुवायला बेसिनऐवजी बादली आणि तांब्या. कढी फर्स्ट क्लास असते. माझं प्रामाणिक मत, खिचडी-कढीचा गुरुवार हा आठवड्यातला सगळ्यात चांगला जेवणाचा दिवस आहे आणि पाणी आलं तरी त्यांनी तो तसाच ठेवावा.

आमरसाच्या फीस्टबद्दल ऐकायला सगळे उत्सुक असतील. मे महिन्यात दोन रविवार आमरस-पुरी असते, त्या दिवशी गेस्ट थाळी १५० होते. हापूसची अपेक्षा ठेवू नका, या पैशात ठेवणं पण योग्य नाही. रस लालबाग आणि बदाम मिक्स, वर थोडी पायरी असं काकूंनीच सांगितलं. पहिल्या रविवारी आम्ही चौघी-पाचजणी शनिवारी रात्री पेट्या उतरवायला आणि आंबे पिळायला थांबलो होतो, कोपरापर्यंत हात भरले, कोयी धुऊन त्या पाण्याचा काकूंनी फजिता करून आम्हाला तिथेच वाट्यांमध्ये दिली, फोडणीत मेथी-मोहरी आणि मिरची, तो काही मेनूत नसतो. रस पातळ नव्हता, साखर थोडी जास्त, वेलची नाही, जायफळ. वाटी एकदा फुल, दुसऱ्यांदा अर्धी, त्यानंतर काका पातेलं तिरकं करून दाखवतात की बघ संपला. शहरात बऱ्याच ठिकाणी डब्यातला पल्प पाणी घालून देतात, रंग बघूनच कळतं, नारिंगी भडक आणि सगळीकडे एकसारखा. इथे रेषा दातात अडकतात. मला चालेल.

आता तक्रार, आणि ही मोठी आहे. मेच्या शेवटी मेस दहा दिवस बंद राहते. कारण साधं आहे, पोळ्या करणाऱ्या दोन्ही मावशी मुळशीकडच्या, लग्नसराईत कार्यालयातल्या केटरिंगवाल्यांकडे एका दिवसाचे जे पैसे मिळतात ते इथे मिळत नाहीत, शिवाय गावची कामं, नातेवाइकांची लग्नं. काका-काकू पण तेवढ्यात कोकणात जाऊन येतात. त्यांनी जाऊ नये असं कोण म्हणेल, वर्षभर रोज दीड-दोनशे पोळ्या लाटणाऱ्या माणसाला सुट्टी हवीच. पण बंदची तारीख चार दिवस आधी कळली. फळ्यावर खडूने. ज्यांना गावाला जायचं होतं ते गेले, आम्ही नोकरीवाले आणि एमपीएससीवाले अडकलो. ते दहा दिवस खाड्यात धरले, सगळ्यांचे, न मागता, वहीत एकाच दिवशी सगळ्या पानांवर गोल, याबद्दल पैकीच्या पैकी मार्क. पण दहा दिवस पोटाचं काय?

तर माझं काय झालं ते सांगते कारण कोणाला तरी उपयोगी पडेल. दुपारी सरकारी शिवभोजन थाळी, १० रुपयांत दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि मूदभर भात. योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली तेव्हापासून ताटाचं माप ठरलेलं आहे, ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. माप बघून हसू नका, १० रुपयांत गरम वरण-भात मिळतो, तुमचा फोटो काढून ताट देतात आणि कोणी तुम्हाला विद्यार्थी आहात का हमाल आहात का विचारत नाही. माझ्या बाजूला एक रिक्षावाले काका आणि एक आजी असायच्या. फक्त ताटांची संख्या ठरलेली असते, उशीर केला की संपतं, आणि फक्त दुपारी. मला दीडच्या सुट्टीत दोनदा तरी रिकाम्या पोटी परत जावं लागलं, मग भेळ. रात्री कधी अंडा-भुर्जीची गाडी, कधी दूध-केळी, एक दिवस रूममधली लपवलेली केटल आणि मॅगी.

यावरून वडिलांनी फोनवर वारांची गोष्ट काढली. पूर्वी पुण्यात शिकायला येणारी गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, नाहीतर माधुकरी मागायची, आणि अशाच मुलांसाठी १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह, ते याच सदाशिव पेठेत. वडिलांच्या मते आम्ही फार लाडावलेले आहोत. असू. पण वार लावून जेवणाऱ्या मुलाला सोमवारी कुठे जेवायचं ते रविवारी माहीत असायचं, मला नव्हतं. काकांना हेच सांगितलं मी जूनमध्ये, बंद ठेवा पण एप्रिलमध्येच तारीख सांगा, शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या मेसवाल्याशी बोलून ठेवा, तुमचे उरलेले वीस-बावीस मेंबर त्यांनी दहा दिवस सांभाळावेत आणि पैशांचं तुम्ही आपसात बघा. ते म्हणाले त्याची आमटी तिखट असते, तुम्हाला चालणार नाही. मी म्हटलं काका, मंगळवेढा! मग हसले. विचार करतो म्हणाले, बघू.

बाकी किरकोळ गोष्टी पटकन. वरचं छप्पर पत्र्याचं आहे, मे महिन्यात दुपारी आत भट्टी होते, तीन पंखे आहेत त्यातला एक फक्त फिरल्यासारखं करतो. ताक १० रुपये जास्तीचे आणि त्यात ताक शोधावं लागतं, त्यापेक्षा बाहेर लिंबू सरबत प्या. पन्हं मात्र एप्रिलमध्ये आठवडाभर फुकट देतात, कैरी उकडून, गुळाचं, ते चुकवू नका. स्वच्छता चांगली, ताटं गरम पाण्याने धुतात, केस वगैरे कधी निघाला नाही. उपवासाच्या दिवशी संकष्टी, एकादशीला साबुदाणा खिचडी मिळते पण आदल्या रात्री नाव द्यावं लागतं. नॉनव्हेज नाही, अंडं पण नाही. यूपीआय चालतं, पण महिन्याचे पैसे १ ते ५ तारखेच्या आत, नाहीतर काका ताट वाढताना काही बोलत नाहीत, फक्त वही उघडून तुमच्या शेजारी ठेवतात. जुलैपासून रेट ३,४०० होतोय, कमर्शिअल सिलिंडर आणि तेल दोन्हीचं कारण सांगितलं, पोळीचा आकार तोच ठेवणार म्हणालेत, मी पहिल्या आठवड्यात मोजून सांगते.

माझे मार्क, टर्मसाठी पाचपैकी चार, मे महिन्यासाठी तीन, आणि तो एक मार्क पूर्णपणे त्या फळ्यावरच्या खडूमुळे गेलाय.

ज्यांना लावायची आहे त्यांनी जूनच्या शेवटच्या आठवड्यात या, तिसऱ्या वर्षाची मुलं सोडून जातात तेव्हा जागा होतात, जुलैच्या १० नंतर वेटिंग सुरू. दुपारी २ नंतर या, काका तेव्हाच बोलायला मोकळे असतात. आधी एक गेस्ट थाळी खा, ती शक्यतो साध्या मंगळवारी, फीस्टला नको. पैसे देण्याआधी खाडा, रविवारची संध्याकाळ आणि मेची बंद तारीख हे तिन्ही विचारून घ्या. आणि मुलींनो, काकूंनी किती खातेस विचारलं की खरा आकडा सांगा, नंतर वाढवून मागायला लाज वाटते.